वॉर्डची रेषा मारण्याआधी घरं मोजा

पंचायतीचे वॉर्ड नव्याने पाडायची वेळ आली की गावात सगळ्यात आधी नकाशा उघडतात, आणि काम तिथेच बिघडतं. नकाशा शेवटी उघडायचा. आधी आकडा, मग घरं, मग वाडे (म्हणजे गावातल्या वस्त्या), आणि सगळं जुळलं की पेन्सिल. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होते. १९९१ आणि २००१ च्या जनगणनेत प्रगणक, २०११ ला पर्यवेक्षक, मधली काही वर्षं बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारी. निवृत्त झाले तरी लोक ‘बाई’ म्हणूनच हाक मारतात, आणि वॉर्डचा विषय निघाला की तरुण पंच लॅपटॉप घेऊन आमच्या सोप्यावर येऊन बसतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. डोळ्यांसमोर पंचायत ठेवली आहे; नगरपालिकेचं गणित जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगेन.

एक गोंधळ आधीच बाजूला करू. विधानसभेचे चाळीस मतदारसंघ ही निराळी गोष्ट. ते परिसीमन आयोगाने २००१ च्या लोकसंख्येवर आखले आणि २००८ च्या आदेशाने लागू झाले. पंचायतीच्या वॉर्डची रेषा तिथून येत नाही. तेव्हा ‘आमदारांना सांगून आमचा वाडा तिकडे घ्या’ म्हणणाऱ्याला चहा द्यावा आणि पुढच्या कामाला लागावं.

कुठल्या सालचा आकडा धरायचा?

घटनेच्या कलम २४३ मध्ये याचं उत्तर आहे. पंचायतीसाठी लोकसंख्या म्हणजे ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत, अशा शेवटच्या जनगणनेतली लोकसंख्या. ‘प्रसिद्ध झाले आहेत’ हे शब्द पेनाने अधोरेखित करून ठेवा. गणती होणं वेगळं, आकडे बाहेर पडणं वेगळं.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. इकडे आपल्या १८६ पंचायतींचं मतदान झालं १० ऑगस्ट २०२२ रोजी, आणि पंचायतीची मुदत पाच वर्षं. म्हणजे नवी गणती आणि संपणारी मुदत एकाच वर्षात येतात. निवडणुकीची तयारी सुरू होईपर्यंत नवे आकडे प्रसिद्ध झाले नसतील, तर २०११ च्याच आकड्यांवर काम करावं लागेल. म्हणून माझा सल्ला असा की वहीत दोन रकाने पाडा. एक २०११ चा, भरलेला. दुसरा रिकामा, नवे आकडे येतील तेव्हासाठी. खालची सगळी पद्धत दोन्ही रकान्यांना सारखीच लागू पडते, आणि पहिल्यावर हात बसला की दुसरा भरायला वेळ लागत नाही.

२०११ चा आकडा आज किती खरा आहे, हा प्रश्न आमच्या बाजूला जरा जास्तच टोचतो. ती गणती फेब्रुवारी २०११ मधली. तेव्हा खाणी जोरात होत्या. पाळी, वेळगे, सुर्ला, नावेलीच्या रस्त्यांवरून दिवसभर ट्रक धावायचे आणि गावोगावी भाड्याच्या खोल्या ट्रकवाल्यांनी भरलेल्या असायच्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या खोल्यांतली माणसं अजून २०११ च्या आकड्यात राहतात, खोल्यांना मात्र कुलूप आहे. उलट पेडण्यात पाहा. २०११ ला अख्ख्या तालुक्यात ७५,७४७ माणसं होती. मोपाच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली जानेवारी २०२३ मध्ये. त्या पठाराभोवती काय बदललं याचा त्या आकड्यात मागमूसही नाही.

डोळ्यांना जे दिसतं त्यावरही फार विसंबू नका. बार्देश फुगला, बार्देश फुगला असं सगळेच म्हणतात. २००१ ला तिथे २,२७,६९५ माणसं होती, २०११ ला २,३७,४४० झाली. दहा वर्षांत चार टक्क्यांच्या थोडी वर. त्याच काळात फोंडा १,४९,४४१ वरून १,६५,८३० वर गेला, जवळजवळ अकरा टक्के. घरं वाढणं आणि माणसं वाढणं यांत फरक असतो, आणि वॉर्ड माणसांवर पडतो.

जनगणना गाव देते, वॉर्ड देत नाही

जिल्हा जनगणना पुस्तिका आणि गाववार तक्ते जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. ते उघडलेत की पहिला धक्का बसतो: पंचायतीचं नावच सापडत नाही. कारण जनगणना महसुली गाव मोजते, पंचायत मोजत नाही. पाळी-कोठंबी, मेणकुरे-धुमासे ही नावंच सांगतात की एका पंचायतीत एकाहून जास्त गावं असतात. आधी आपल्या पंचायतीत कुठली महसुली गावं येतात त्याची यादी सचिवांकडून लेखी घ्या, मग प्रत्येक गावाचा आकडा शोधा आणि बेरीज करा.

गाव यादीत मिळालं नाही तर घाबरू नका, शहरांच्या यादीत पाहा. कळंगुट, कांदोळी, कुर्टी ही २०११ च्या पुस्तकात ‘जनगणना शहरं’ आहेत. कारभार पंचायतीचा, पण वस्ती दाट आणि बहुतेकांचा धंदा शेतीबाहेरचा, म्हणून जनगणनेच्या लेखी शहर. तालुक्याच्या बेरजेवर तर अजिबात जाऊ नका. २०११ च्या तक्त्यात फोंडा उत्तर गोव्यात आहे. तो २०१५ मध्ये दक्षिण गोव्यात गेला. धारबांदोडा हा तालुका त्या तक्त्यात नाहीच. जिल्हा पंचायतीचे मतदारसंघ जुळवणाऱ्यांची इथे हमखास दमछाक होते. गाव हीच मूळ वीट. बाकी सगळ्या बेरजा आपण स्वतः करायच्या.

नगरपालिकेचं इथे सोपं असतं. पालिकेचे वॉर्ड हे जनगणनेचं स्वतःचं एकक आहे, म्हणून डिचोली किंवा सांखळीच्या माणसाला वॉर्डवार लोकसंख्या छापील मिळते. पंचायतवाल्याला ती बनवावी लागते.

पंचायतीचा एकूण आकडा हाती आला की वॉर्ड किती ते पाहायचं. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ प्रमाणे लोकसंख्येनुसार पंच पाच, सात, नऊ किंवा अकरा असतात, आणि एका वॉर्डातून एकच पंच. ही संख्या गावाने मागून मिळत नाही. कायद्यातला तक्ता बघायचा आणि लिहायची. एकूण लोकसंख्येला या संख्येने भागलं की वॉर्डची सरासरी. घटनेचं कलम २४३-ग म्हणतं की प्रत्येक वॉर्डची लोकसंख्या ‘व्यवहार्य असेल तिथवर’ सारखी असावी. किती टक्के फरक चालेल ते तिथे लिहिलेलं नाही. मी सरासरीच्या दहा टक्के खाली, दहा टक्के वर, एवढी मोकळीक धरते. वॉर्डरचनेच्या नोटिशीत दुसरा टक्का लिहिला असेल तर अर्थातच तो.

प्रगणक गट वॉर्डपेक्षा मोठा निघतो तेव्हा

खरं काम इथून सुरू होतं, आणि बहुतेकजण इथेच सोडून देतात.

जनगणनेसाठी गाव प्रगणक गटांत वाटलेलं असतं. एका गटात साधारण साडेसहाशे ते आठशे माणसं, म्हणजे एका प्रगणकाला झेपेल एवढं काम. मुंबई-पुण्यात प्रभाग करताना असे कित्येक गट एकाला एक जोडत जायचं असतं. आपल्याकडे उलटं. चार हजार वस्तीच्या पंचायतीत सात वॉर्ड असले तर सरासरी पावणेसहाशेच्या आसपास येते. गटच वॉर्डपेक्षा मोठा! तेव्हा नुसते गट जोडून इथे भागत नाही, गट फोडावा लागतो. तो फोडायला घरं लागतात.

प्रगणकाकडे गटाचा नजरी नकाशा असतो. पक्क्या घराला चौकोन, कच्च्या घराला त्रिकोण, माणूस राहत नसलेली इमारत रेघा मारून भरलेली. रस्ते, व्हाळ (ओढा), देऊळ, विहीर सगळं हाताने काढलेलं. प्रमाण वगैरे काही नसतं, पण कुठलं घर कशाच्या शेजारी हे त्यावरून जितकं कळतं तितकं उपग्रहाच्या चित्रावरूनही कळत नाही. आमच्याकडे माडां-आंब्याखाली निम्मी घरं वरून दिसतच नाहीत.

मात्र कुणाच्या घरात किती माणसं नोंदवली, हे प्रगणकाला विचारू नका. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ ने ती माहिती गुप्त ठेवली आहे. ती कुणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून कोर्टातही चालत नाही. गावातला प्रगणक म्हणजे शाळेतलाच कुणीतरी मास्तर, त्याच्यावर ओळखीचा दबाव आणणं सोपं असतं. मला विचारणारे आले, चहा पिऊन गेले. घरवार माहितीशिवायही काम होतं.

ते असं. समजा एका गटात ७०० माणसं आणि राहती कुटुंबं १६०. सरासरी पडली कुटुंबामागे ४.३७५. तुम्हाला हा गट व्हाळावर फोडायचा आहे. व्हाळाच्या उत्तरेला ९६ कुटुंबं, दक्षिणेला ६४. तर उत्तरेला ४२०, दक्षिणेला २८० माणसं धरा. सरासरी त्याच गटाची वापरायची, राज्याची किंवा तालुक्याची नाही. बाजारपेठेतल्या गटाची आणि डोंगराकडच्या गटाची सरासरी कधीच सारखी नसते.

‘राहती’ हा शब्द मी मुद्दाम घातला. पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत घरं असतात, कुटुंबं नव्हे. त्या वहीत परदेशात स्थायिक झालेल्यांची वडिलोपार्जित घरं आहेत, बोटीवर काम करणाऱ्यांची वर्षातले काही महिने उघडणारी घरं आहेत, दिल्लीवाल्यांचे डिसेंबरात उजळणारे फ्लॅट आहेत. दुसऱ्या बाजूला एकाच घरक्रमांकाखाली भाड्याच्या आठ खोल्या आणि आठ चुली. म्हणून वही घेऊन वाड्यावरून फिरावंच लागतं. इमारतींसाठी माझी रीत साधी आहे: सुट्टीचे आणि सणाचे दिवस टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला जायचं आणि दिवे मोजायचे. वॉचमनला विचारायचं, पाण्याचा टँकर किती लागतो. दोन्ही उत्तरं जुळली की आकडा खरा.

वहीत प्रत्येक ओळीला पाच गोष्टी पुरतात: घरक्रमांक, वाडा, राहतं की बंद, चुली किती, आणि घरासमोरच्या वाटेचं किंवा व्हाळाचं नाव. माणसांची नावं, जात, पक्ष काही लिहू नका. पक्ष लिहायचा मोह फार होतो. पण असली वही एकदा कुणाच्या हाती लागली की तुमच्या हरकतीचं वजन संपलं.

सात वाड्यांचं गणित

आता एक काल्पनिक पंचायत घेऊ. लोकसंख्या ४,०६०, वॉर्ड सात, सरासरी ५८०. दहा टक्क्यांची मोकळीक धरली तर प्रत्येक वॉर्ड ५२२ ते ६३८ च्या मध्ये बसायला हवा. वाड्यांचे आकडे असे: देऊळवाडा ६९०, वरचावाडा ५१०, खालचावाडा ६४०, गावठण ८३०, भाटीवाडा ४५०, मधलावाडा ५६०, आणि कारखान्याकडच्या चाळी ३८०.

सगळ्यांना सारखं करायला निघू नका. जिथे बसतंय तिथे हात लावायचा नाही. मधलावाडा ५६० आहे, तो तसाच ठेवा. बाकीच्यांत जोड्या शोधा: जास्त असलेला आणि कमी असलेला, पण शेजारी-शेजारी. गावठणातून चाळींना लागून असलेली २५० माणसांची वस्ती चाळींकडे दिली तर गावठण ५८० आणि चाळींचा वॉर्ड ६३०. देऊळवाड्यातली ६० माणसं वरच्यावाड्याला दिली की ६३० आणि ५७०. खालच्यावाड्यातली ९० भाटीवाड्याला दिली की ५५० आणि ५४०. तीन हालचालींत सातही वॉर्ड मर्यादेत आले, आणि ४,०६० पैकी ४०० माणसांचाच वॉर्ड बदलला. चांगल्या रचनेची माझ्या लेखी हीच कसोटी: कमीत कमी लोकांना नवा वॉर्ड मिळाला पाहिजे. तोच आकडा सगळा गाव ढवळूनही साधता येतो, आणि कुणी तसं केलं तर का केलं हे विचारायला हवं.

काठावरून सुरुवात करा. नदी, शेजारच्या पंचायतीची हद्द, जिथे रेषा सरकूच शकत नाही तिथून आत येत जायचं. मधून सुरू केलंत तर शेवटी दोन टोकांना दोन चिंध्या उरतात आणि मग त्यांचा मिळून एक वॉर्ड करायची अक्कल कुणालातरी सुचते.

चाळींच्या वॉर्डवर भांडण होणार, हे गृहीत धरा. तिथे माणसं ६३०, मतदार कदाचित निम्मेही नसतील, कारण ओडिशा-बिहारकडून आलेल्यांची नावं त्यांच्या गावच्या यादीत. भाटीवाड्यात माणसं ५४० आणि मतदार चारशेच्या वर. भाटीवाड्याचा पंच म्हणणार, माझ्या मताची किंमत कमी का? त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण कायदा लोकसंख्या म्हणतो, मतदार म्हणत नाही. तान्ही मुलं आणि चाळीतला वेल्डर दोघेही तीत आले. आणि खरं सांगायचं तर कचरा त्यांचाही उचलावा लागतो, पाणी त्यांनाही लागतं, गटार त्यांचंही तुंबतं. पंचायतीचं काम माणसांमागे वाढतं.

आता नकाशा

रेषा अशा जागेवरून न्या जी पावसाळ्यातही जाग्यावर असते. व्हाळ, नदी, डांबरी रस्ता, रेल्वे, शेताचा मोठा बांध. सर्वे क्रमांकाची हद्द कागदावर पक्की असते, पण जमिनीवर दिसत नाही. ती दुसरा पर्याय म्हणून वापरा. भूनक्षा या सरकारी संकेतस्थळावर सर्वे क्रमांक बघून घेता येतात. रस्ता हद्द म्हणून धरलात तर समोरासमोरची घरं दोन वॉर्डांत जातात, हे लक्षात ठेवा. हमरस्त्याला ते चालतं. वाड्यातल्या आतल्या वाटेला नाही: तिथे समोरासमोरची घरं म्हणजे बहुतेकदा वाटण्या झालेले भाऊ, आणि वाटणीत जे उरलं होतं ते वॉर्डने तोडू नये.

चिकटलेलं दिसतं म्हणून जोडू नका. आमच्या भागात दोन वाडे नकाशावर एकमेकांना टेकलेले असतात आणि मध्ये खाणीचा पाण्याने भरलेला खंदक असतो. एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाला जायचं तर पुऱ्या गावाला वळसा. सत्तरी तालुक्यात जंगल मध्ये येतं, नदीकाठच्या गावांत फेरी. कसोटी एकच: वॉर्डच्या एका टोकाचं माणूस वॉर्डबाहेर न पडता दुसऱ्या टोकाला पोचतं का? स्वतः चालून बघा. स्कूटरने नको, स्कूटर नेहमी चांगल्या रस्त्याने जाते.

घरक्रमांकांचं वर्णन हा आपल्याकडचा खास सापळा. वॉर्डचं वर्णन ‘घर क्रमांक अमुक ते तमुक’ असं लिहिलं की सोपं वाटतं. पण नवी घरं बांधली गेली तसे क्रमांक मिळत गेले; ११२ च्या शेजारी ११२/अ असेलच असं नाही, ४०७ असेल. भावाभावांच्या वाटणीत ८५/१, ८५/२ होतात आणि त्यातला एक वाड्याच्या दुसऱ्या टोकाला घर बांधतो. म्हणून वर्णनात आधी चारही बाजूंच्या खुणा लिहायच्या, उत्तरेला काय, पूर्वेला काय, आणि मग घरक्रमांक. दोन्ही जुळत नसतील ती घरं वेगळी काढून एकेकाचा निकाल लावायचा. मतदानाच्या दिवशी ‘माझं नाव कुठे’ म्हणत फिरणारे बहुतेक याच घरांतले असतात.

आरक्षण नंतर, पण डोळे उघडे ठेवून

रचना आणि आरक्षण या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी वॉर्ड, मग त्यांतले कुठले राखीव. महिलांना किमान एक तृतीयांश, अनुसूचित जाती-जमातींना त्या पंचायतीतल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि राखीव वॉर्ड फिरते. रेषा मारताना कुठला वॉर्ड राखीव पडेल याचं गणित करत बसणाऱ्याला मी सोप्यावरून उठवते.

पण रेषेने आरक्षणाचा अर्थ कसा बदलतो ते माहीत हवं. समजा पाचशे वस्तीचा गावडेवाडा एका वॉर्डात जवळपास सगळा बसतो. त्याचे तीन तुकडे करून तीन वॉर्डांना जोडले, की आकडे तिन्हीकडे सरासरीत आणि वाडा तिन्हीकडे अल्पसंख्य. कागदावर दोष दाखवता येत नाही. म्हणूनच मसुदा पाहताना मी आधी बेरीज पाहत नाही, वाडे किती ठिकाणी फुटलेत ते मोजते. मोठा वाडा एकदा फुटणं समजू शकतं, गणिताला पर्याय नसतो. मध्यम वाडा तीन ठिकाणी फुटला तर कारण मागायचं.

नव्या आकड्यांचा परिणाम या बाबतीत किती मोठा असू शकतो, याचं गोव्यातलंच उदाहरण आहे. २००१ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या होती ५६६. गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज यादीत आले २००३ मध्ये. पुढच्या, २०११ च्या जनगणनेत तो आकडा झाला १,४९,२७५, म्हणजे दर दहा माणसांमागे एक. माणसं तीच होती, तिथेच होती. आकडा येईपर्यंत त्यांच्या वाट्याची जागा मोजायला आधारच नव्हता.

आणि आरक्षणात घोळ झाला तर निवडणूक अडते. मार्च २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पालिकांच्या वॉर्डांचं आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, आणि सरकारी पदावरच्या माणसाकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा जादा भार देता येणार नाही हेही त्याच निकालात सांगितलं.

मसुदा लागल्यावर

मसुदा भिंतीवर लागतो तेव्हा हरकतीचे दिवस मोजके असतात. ज्याची वही तयार आहे तो त्या दिवसांत काम करतो, बाकीचे सभा घेतात. नोटीस कुणाच्या सहीने निघाली ते बघा आणि हरकत त्याच कार्यालयाच्या नावाने, नोटिशीत दिलेल्या ठिकाणी द्या. सरपंचांना किंवा आमदारांना दिलेलं निवेदन म्हणजे हरकत नव्हे.

हरकत कशी लिहावी? ‘आमच्या वाड्यावर अन्याय झाला आहे’ याने काही होत नाही. अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशी तसले पन्नास कागद असतात. असं लिहा: मसुद्यातला वॉर्ड क्रमांक ३, त्यात अमुक वाड्याची व्हाळापलीकडची इतकी घरं, क्रमांक हे हे. मसुद्याप्रमाणे वॉर्ड ३ ची लोकसंख्या इतकी, ४ ची इतकी. ही घरं ४ मध्ये घेतल्यास ३ ची इतकी होते, ४ ची इतकी, दोन्ही सरासरीच्या मर्यादेत. व्हाळाला पूल नाही, पावसात घरांचा वॉर्डशी संबंध तुटतो. सोबत एका पानाचा नकाशा, हाताने काढलेला चालेल. शेवटच्या वाक्यात मागणी, एकच.

‘४ मध्ये घेतल्यास’ हा भाग सोडू नका. घर एका वॉर्डातून उचललं की दुसऱ्यात पडतं, आणि तिथलं गणित बिघडलं तर तुमची मागणी तिथेच संपते. शेजारच्या वाड्याशी आधी बोलून दोघांनी मिळून हरकत दिलीत तर उत्तमच. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर जोडा; तो बंधनकारक नाही, पण वाड्याचं म्हणणं एकट्या माणसाचं नाही एवढं त्यातून दिसतं.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आणा. ‘ठेवा इथे, पोच नंतर देतो’ म्हटलं तर तिथेच बसून राहा. सुनावणीला बोलावलं तर वहीत बघून आकडे वाचणारा एकच माणूस बोलू दे. वाड्यातली दहा माणसं मागे बसली तरी चालेल, पण गप्प.

हे सगळं मसुद्याच्याच टप्प्यावर का, तर घटनेचं कलम २४३-ण. वॉर्डरचना आणि जागांचं वाटप यासंबंधीच्या कायद्याच्या वैधतेला कोर्टात आव्हान देता येत नाही, आणि निवडणुकीवर आक्षेप घ्यायचा तर निवडणूक याचिकेनेच. पालिकेसाठी तेच २४३-यछ मध्ये आहे. अंतिम अधिसूचना निघाल्यावर वकील गाठणाऱ्यांना याचा अनुभव महागात पडतो.

अंतिम अधिसूचना हाती आली की वही पुन्हा काढा. त्यातलं वर्णन वाचत, ज्या घरांचे क्रमांक आणि खुणा जुळत नव्हत्या त्या प्रत्येक घरापुढे नवा वॉर्ड लिहा. मग वॉर्डवार मतदारयादीचा मसुदा येईल तेव्हा सगळी यादी वाचत बसू नका, आधी हीच घरं तपासा. एखाद्या घरातली नवरा-बायको दोन वॉर्डांत गेलेली दिसली तर दावे-हरकतींची मुदत संपण्याआधी अर्ज भरून द्यायचा, आणि त्याचीही पोच घ्यायची.